ओव्हाळ साहेबांची नोटीस

फुटबॉल खेळणाऱ्या माणसाला सरकारी मराठीत कारणे दाखवा नोटीस बजावता येते, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. शनिवार पेठेत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे भाडेकरार येतात, सोसायट्यांची भांडणं येतात, लग्नाळू मुलांचे बायोडेटा येतात. एका दुपारी एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, घडी न मोडलेली पँट आणि पायात मात्र खेळाडूंचे बूट. त्यांनी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहिलेला मजकूर माझ्यापुढे सरकवला.

"तीन प्रती. डावीकडे समास दीड इंच सोडा. भोक पाडताना अक्षरं जातात."

मी टाईप करायला लागले. 'आपण रविवारी झालेल्या सामन्यात, प्रतिस्पर्धी खेळाडूचा कोणताही स्पर्श झालेला नसताना, गोलसमोर स्वतःहून जमिनीवर पडलात व असह्य वेदना होत असल्याचा देखावा केलात, असे निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत सादर करावा. अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

माझी बोटं थांबली. "अहो, हा माणूस पडला म्हणून नोटीस?"

"पडला म्हणून नाही. खोटं पडला म्हणून."

"मग मैदानावरच झापायचं ना चार शब्द."

"झापणं तोंडी असतं," ते म्हणाले, "आणि तोंडी गोष्टीला अर्थ नसतो. लेखी पाहिजे."

हे दिनकर ओव्हाळ. साहेबांना जाऊन आता दीड वर्ष झालं, पण अजूनही दुकानात कुणी समास विचारला की मी दीड इंच म्हणून जाते. ते सरकारी कचेरीतल्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आस्थापना शाखा म्हणजे जिथे बाकीच्यांच्या रजा, बढत्या आणि भानगडी फायलींत राहतात ती जागा. विभागीय चौकशा चालवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात किंवा जावयाला सल्ले देतात. साहेब आमच्या भागातल्या हौशी फुटबॉल साखळी स्पर्धेच्या शिस्तपालन समितीचे अध्यक्ष झाले आणि कचेरी जिथे संपली होती तिथून पुढे सुरू केली.

फुटबॉल त्यांच्याकडे लहानपणापासून होता. वडील खडकवासल्याला लष्करी शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या भटारखान्यात कामाला. ती मुलं खेळायची आणि कुंपणाबाहेर गेलेला चेंडू छोटा दिनकर आणून द्यायचा. आणून द्यायच्या आधी दोन लाथा मारून घ्यायचा, तेवढाच त्याचा सराव. घर छप्पन साली धम्म घेतलेलं. वडील सांगायचे, आपल्याला या देशात जे काही मिळालं ते कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं म्हणून मिळालं. तोंडी भरवशावर आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या. साहेबांनी हे मला एकदाच सांगितलं आणि लगेच झेरॉक्सच्या दर्जाबद्दल तक्रार केली. पण त्यांचं 'लेखी द्या' मला त्या दिवसापासून निराळं ऐकू यायला लागलं.

नाहीतर तोवर मी त्यांची टिंगलच करायची. साहित्यही भरपूर मिळायचं. एका गोलरक्षकाने वेळ काढण्यासाठी मैदानावर पोट धरून लोळण घेतली. साहेबांची नोटीस गेली. खुलासा आला, 'पोटात कळ आली होती.' साहेबांनी वैद्यकीय प्रमाणपत्र मागवलं. तेही आलं, शिक्क्यासकट. साहेबांनी तो शिक्का भिंगातून वाचला आणि मला म्हणाले, "ताई, जरा बघा. हे डॉक्टर जनावरांचे आहेत." गोलरक्षकाचा मामा होता तो. साहेबांनी शेरा लिहिला, 'प्रमाणपत्र ग्राह्य. खेळाडूस पुढील दोन सामने गोठ्यात विश्रांती द्यावी.' मग स्वतःच खोडला आणि नियमाप्रमाणे लिहिला. खोडलेली प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

सोमवारी सकाळी ते दुकानात यायचे ते टीव्हीवरच्या सामन्यांचा राग घेऊन. परदेशातले, देशातले, जिथे म्हणून पगार घेऊन फुटबॉल खेळतात तिथले सगळे सामने ते बघायचे आणि त्यातले खोटे पडणारे, हाताने चेंडू ढकलणारे, ओठाला धक्का लागला की डोकं धरणारे, सगळे त्यांच्या लक्षात राहायचे.

"काल त्या पठ्ठ्याने खोटं पडून पेनल्टी मिळवली. त्यावर करंडक जिंकला. शिक्षा काय? दोन सामने बंदी! ताई, ही शिक्षा आहे की रजा? आमच्याकडे शिपाई सही करून चहाला गेला तरी वेतनवाढ रोखायचे."

"मग काय करायचं त्याचं? फाशी?"

"पदावनती," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पुढच्या फळीतून काढून वर्षभर गोलमध्ये उभा करा. लोक समोर खोटं पडतील तेव्हा कळेल."

दुकानात झेरॉक्स काढायला आलेली इंजिनिअरिंगची पोरं त्यांना मुद्दाम छेडायची. "सर, इट्स पार्ट ऑफ द गेम! स्मार्टनेस आहे तो." साहेब चष्म्यावरून बघायचे. "आपण परीक्षेला बसता का? मग आपल्या पुढच्या बाकावरच्याचा स्मार्टनेस आपल्याला चालतो का?" पोरं हसायची, पण झेरॉक्स काढताना हळूच पानं उलटी धरायची, कारण निम्मी पानं कॉपीसाठीच असायची.

साखळीत मात्र साहेबांनी स्वतःची एक शिक्षा बसवली होती आणि ती खरोखर नामी होती. जो खेळाडू फसवणुकीत दोषी सापडेल त्याने बंदीच्या काळात घरी बसायचं नाही. रविवारी सकाळी आठला कात्रजच्या मैदानावर बारा वर्षांखालच्या मुलींचे सामने असायचे. तिथे येऊन त्याने कडेला झेंडा धरायचा. चेंडू बाहेर गेला की दाखवायचं, ऑफसाइड झालं, म्हणजे चेंडू येण्याआधीच कुणी बचाव करणाऱ्यांच्या पुढे जाऊन उभं राहिलं, की दाखवायचं. "कडेला उभं राहिलं की समजतं, खोटं किती स्वच्छ दिसतं ते," साहेब म्हणायचे. दाढीमिशांचे दांडगे गडी तिथे लाल झेंडा घेऊन पळायचे आणि चिमुरड्या मुली त्यांना 'दादा, बघा ना नीट' म्हणून ओरडायच्या. एकदा ही शिक्षा भोगलेला माणूस सहसा पुन्हा खोटं पडत नसे.

त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, मी एकदा विचारलं, घरीही नोटिसा निघतात का? त्या म्हणाल्या, "आमटीत मीठ जास्त पडलं तर तोंडी समज देतात. लेखी नाही. एवढी सवलत आहे मला."

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग निलेशचं प्रकरण झालं.

निलेश खडकवासला रस्त्यावरच्या, आता शहरात आलेल्या एका गावातला. बावीस वर्षांचा, शेतकऱ्याच्या घरातला, आणि आमच्या साखळीतला सगळ्यात चांगला खेळाडू. हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळायचं, कारण त्याच्याकडे चेंडू गेला की मैदानाबाहेरचे लोक खाणं थांबवायचे. एका परराज्यातल्या व्यावसायिक क्लबने त्याचा खेळ पाहिला होता आणि मार्चमध्ये निवड चाचणीला बोलावलं होतं. गावातून पगारावर फुटबॉल खेळायला जाणारा तो पहिलाच ठरला असता. आईने नवी बॅग घेऊन ठेवली होती.

फेब्रुवारीत साखळीचा अंतिम सामना झाला. निलेश गोलसमोर पडला. पंचाने ठरवलं की खोटं पडला, आणि त्याला मैदानाबाहेर काढलं. अहवाल साहेबांकडे आला. आता नेमकं त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या कुणा बड्या खेळाडूने असलंच सोंग करून संघ पुढे नेला होता आणि त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. साहेब तीन दिवस धुमसत होते. निलेशला नोटीस गेली, सात दिवस झाले, उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी साहेबांनी आदेश लिहिला: पूर्ण हंगामाची बंदी, झेंड्याची सवलतही नाही. "एकदा उदाहरण घालून दिलं पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, जरा जास्त होतंय. ते म्हणाले, "जास्त कुठे होतं ते या देशात अजून कुणी पाहिलेलं नाही."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, पण ते तेव्हा मला कळलं नाही. क्लबने साखळीकडे निलेशच्या वर्तणुकीचा दाखला मागवला. साहेबांनी खरं ते लिहून दिलं: फसवणुकीबद्दल बंदी चालू आहे. ते पत्रही मीच टाईप केलं, दीड इंच समास सोडून. क्लबने चाचणी रद्द केली.

मे महिन्यात एक तरुण दुकानात आला. गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉप. नाव रोहन. साहेब समोरच्या स्टुलावर बसले होते. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि ओळखपत्राचा पट्टा ओढत राहिला.

"सर, मी फायनलला डिफेन्सला होतो. ॲक्च्युअली... निलेश पडला नव्हता. माझा पाय त्याच्या घोट्यावर होता. पूर्ण वजन. रेफरीला दिसलं नाही, आणि मी... मी हात वर करून सांगितलं की टच नाही केला. आय मीन, सगळेच करतात ना, सर. मला वाटलं एक-दोन मॅचची बंदी बसेल. त्याची ट्रायल गेली हे मला परवा कळलं. तेव्हापासून जेवण जात नाहीये."

दुकानातलं मशीन खडखडत होतं. मी ते बंद केलं. साहेबांनी पिशवीतून निलेशची फाईल काढली. ही माणसं फायली बरोबर घेऊन फिरतात. शेवटून दुसऱ्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. वहीचं फाडलेलं पान होतं. त्याच्या कोपऱ्यात साहेबांचाच शिक्का होता: 'मुदतीनंतर प्राप्त. दप्तरी दाखल.'

म्हणजे निलेशने उत्तर दिलं होतं. नवव्या दिवशी आलं होतं. साहेबांनी त्यावर शिक्का मारला होता, भोक पाडलं होतं, फाईलला लावलं होतं आणि वाचलं नव्हतं.

आता त्यांनी ते वाचलं. मग माझ्याकडे दिलं. एवढंच होतं: 'साहेब मी पडलो नाही मला पाडलं. घोट्याचं हाड मोडलं आहे. प्लास्टर आहे म्हणून पाठवायला उशीर झाला. क्लबवाले पाय बरा होईपर्यंत थांबतो म्हणालेत. तुम्ही डॉक्टरला विचारा.'

मला साहेबांचा इतका राग आला की समोरचं पंचिंग मशीन फेकून मारावंसं वाटलं. आणि त्यांचा चेहरा बघून इतकं वाईट वाटलं की मी चहा सांगितला. आयुष्यभर 'लेखी द्या, लेखी द्या' म्हणणाऱ्या माणसाला एकाने लेखी दिलं होतं, आणि ते याने वाचलं नव्हतं.

चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत असतानाच साहेब हजर. हातात फुलस्केप.

'प्रति, श्री. दिनकर ओव्हाळ. आपण शिस्तपालन समितीचे अध्यक्ष असताना, एका खेळाडूचा लेखी खुलासा केवळ दोन दिवस उशिरा आल्याच्या कारणावरून न वाचता दप्तरी दाखल केलात, व त्यामुळे निर्दोष व्यक्तीस शिक्षा झाली, असे निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये...' खाली सही: दिनकर ओव्हाळ, अध्यक्ष.

"साहेब, ही नोटीस तुम्ही तुम्हालाच पाठवताय?"

"टाईप करा. तीन प्रती."

त्याच संध्याकाळी ते उत्तर घेऊन आले. मुदत सात दिवसांची असूनही. एका ओळीचं: 'आरोप मान्य.' मग म्हणाले, चौकशी अधिकारी नेमला पाहिजे, समितीतला कुणी तोंड उघडणार नाही, तेव्हा आपण व्हा. मी म्हटलं, मला ऑफसाइडही धड कळत नाही. ते म्हणाले, "मलाही वाचायचं कळलं नाही. चालेल."

तर झेरॉक्स मशीन आणि लॅमिनेशनच्या यंत्रामध्ये माझ्या दुकानात ती सुनावणी झाली. शकुंतलाबाई निरीक्षक म्हणून आल्या आणि येताना सगळ्यांसाठी कांदेपोहे घेऊन आल्या. आरोपीने पोहे नाकारले.

"उत्तर का वाचलं नाही?" मी विचारलं.

"मुदतीनंतर आलं होतं."

"किती?"

"दोन दिवस. ताई, अशा कागदावर शिक्का मारायचा, एवढंच हाताला ठाऊक होतं. डोळ्यापर्यंत तो आलाच नाही."

"आणि पूर्ण हंगामाची बंदी?"

"ती टीव्हीवरच्या त्या माणसाची होती. त्याला देता येत नव्हती म्हणून याला दिली. नोंद करा."

मी नोंद केली. मग शिक्षा सुनावली: एक हंगाम, दर रविवारी सकाळी आठ, मुलींच्या सामन्याला झेंडा.

"कमी आहे," आरोपी म्हणाला. "दोन हंगाम करा."

"अहो," शकुंतलाबाई म्हणाल्या, "वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दोन हंगामांचं लेखी देताय, गुडघ्यांना विचारलंत का?" पण दोन हंगामच झाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना स्कूटरवर मागे बसवून निलेशच्या घरी नेलं. पाय बरा झाला होता, पण तो मान खाली घालून टेम्पोत कोबीची पोती चढवत होता. साहेबांनी तिथेच, पोत्यांजवळ उभं राहून, बंदी रद्द केल्याचा आदेश त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "निलेश, माझी चूक झाली. मी आपलं उत्तर वाचलं नाही."

निलेशने कागद उलटा-सुलटा बघितला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, म्या लिव्हलं व्हतं की."

साहेबांना आजवर कुणी इतकं लागेल असं बोललं नसेल. निलेशच्या आईने आतून पाणी आणलं. "बसा की साहेब. पाय मोडला तवा आमी बी म्हनलं, दोन दिसानं काय हुतंय. म्हनून उशीर झाला बगा." ती माउली स्वतःकडेच चूक घ्यायला निघाली होती. साहेब म्हणाले, "नाही बाई. उशीर तुमचा नाही, माझा आहे."

त्यानंतर त्यांनी क्लबला जे पत्र लिहिलं ते चार पानांचं होतं. त्यात निलेशबद्दल अर्धं पान आणि बाकी साडेतीन पानं स्वतःच्या चुकीबद्दल होती. रोहनचं लेखी निवेदन जोडलं होतं, डॉक्टरांचा कागद जोडला होता, माणसांच्या डॉक्टरांचा. रोहनलाही साहेबांनी सोडलं नाही. एक हंगाम झेंडा. पण त्याला सुनावणीच्या आधी अर्धा तास बोलू दिलं. क्लबने पुढच्या वर्षी निलेशला पुन्हा बोलावलं आणि घेतलंही. आईची बॅग कपाटावरून खाली आली.

साहेब दर रविवारी कात्रजला जायला लागले. शिक्षेची अंमलबजावणी तपासणं हे चौकशी अधिकाऱ्याचं काम, असं सांगून त्यांनी मलाही ओढलं. हजेरीच्या वहीत ते सही करायचे आणि शेजारी मी. ते झेंडा घेऊन कडेने पळायचे तेव्हा गुडघे आधी आणि साहेब मागून यायचे. मुलींनी त्यांना 'ऑफसाइडवाले आजोबा' असं नाव ठेवलं, कारण ते जरा जास्तच वेळा झेंडा वर करायचे.

कडक शिक्षेबद्दल ते बोलायचे थांबले असं मात्र नाही. सोमवारचा राग चालूच होता, पैसे घेऊन सामना हरणाऱ्यांना जन्माची बंदी हवी हे चालूच होतं. फक्त आता प्रत्येक वेळी ते शेवटी दोन शब्द जोडायचे: "आधी वाचा."

आणि मग तो सामना झाला. निलेश पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार म्हणून साहेबांच्या घरी आम्ही सगळे संध्याकाळी जमलो होतो. शकुंतलाबाईंनी पुरणपोळी केली होती. सामना बरोबरीत, दहा मिनिटं उरलेली, निलेश चेंडू घेऊन आत घुसला आणि पडला. पंचाने पेनल्टी दिली. निलेशचा संघ जिंकला. पडद्यावर तोच क्षण हळू करून पुन्हा दाखवला. कुणाचाही पाय निलेशच्या जवळ नव्हता.

शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं, "अहो, आपला निलेश पडला की पाडला?"

"पडला," साहेब म्हणाले.

त्याला ना कुणी बाहेर काढलं, ना बंदी घातली. उलट सामनावीर म्हणून चषक दिला. मी सवयीने म्हटलं, "नोटीस टाईप करू?" साहेबांनी मान हलवली. "आपल्या हद्दीत नाही तो. आणि आधी त्याचं काय म्हणणं आहे ते येऊ द्या." पोळी त्यांनी अर्धीच खाल्ली. तीन दिवस ते दुकानात आले तेव्हा टीव्हीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांच्या रागाची इतकी सवय झाली होती की ते गप्प बसणं बघवेना.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तो बंद करता येत नसे.

"साहेब, ह्या बारीला म्या खरंच पडलो. म्हंजी खोटं पडलो. लय आवाज व्हता, पाय आपसूक गेला. हितं कोनी काय बोललं न्हाई. समदे शाबासकी द्यायलेत. मला झोप न्हाई."

साहेबांचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र आस्थापना शाखेतलाच. "लेखी द्या."

"दिलंय साहेब. पोस्टात टाकलंय."

हंगाम संपला, निलेश सुट्टीवर गावी आला आणि पहिल्याच रविवारी पावणेआठला कात्रजच्या मैदानावर उभा राहिला. त्याला कुणीही शिक्षा दिली नव्हती. त्याने हजेरीच्या वहीत सही केली, झेंडा उचलला आणि पलीकडच्या कडेला गेला. टीव्हीवरचा खेळाडू बघून मुलींचा सामना दहा मिनिटं सुरूच होईना.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. पुढच्या आठवड्यात मी लग्नासाठी बाहेरगावी होते, आणि परत आले तेव्हा शकुंतलाबाईंचा फोन आला.

त्या सकाळी या कडेला साहेब होते, त्या कडेला निलेश. सात नंबरच्या, दोन वेण्यांच्या एका मुलीने गोल मारला आणि साहेबांनी झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल रद्द झाला. मध्यंतराला ती मुलगी तरातरा साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, मी ऑफसाइड नव्हते. त्यांची ती उंच मुलगी माझ्या पुढे होती."

"लेखी दे," साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मुलगी जराही बिचकली नाही. "वही घरी आहे. कधीपर्यंत द्यायचं?"

निलेश पाणी प्यायला या बाजूला आला होता. तो बाटली तोंडाशी धरून थांबला. साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं.

"मुदत नाही," ते मुलीला म्हणाले. "कधीही दे. मी वाचीन."

मुलीला कधीही नको होतं, आत्ताच हवं होतं. साहेबांनी खिशातलं एक पेन तिला दिलं आणि हजेरीच्या वहीचं मागचं पान फाडून दिलं. फाडताना त्यांचा हात जरा थबकला, कारण वह्या फाडणाऱ्यांवर त्यांनी आयुष्यभर ठपका ठेवला होता. मुलगी चुन्याच्या रेषेवर मांडी घालून बसली आणि जीभ बाहेर काढून लिहायला लागली. बरंच लिहिलं. मैदानाचं चित्रही काढलं, बाण दाखवून. मग कागद साहेबांच्या हातात देऊन पळाली.

उत्तरार्धाची शिट्टी झाली. सगळ्या मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या, निलेश पलीकडे झेंडा घेऊन तयार झाला. पंच झालेली कॉलेजची मुलगी ओरडली, "साहेब, चला! झेंडा!"

साहेबांनी झेंडा काखेत धरला होता. चष्मा कपाळावर सरकवून ते तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. त्यांनी मान वर न करता एक हात उंच करून सगळ्या मैदानाला थांबायची खूण केली. त्यांचं अजून वाचून व्हायचं होतं.